पहिली डेट आणि समोरचा माणूस वेगळ्या घरातला: 'तुमच्यात' नको, 'तुझ्या घरी' विचारा

माझी एका जैन मुलाशी पहिली भेट ठरली होती, डिसेंबर महिना, राम मारुती रोडवरचं एक हॉटेल, वेळ साडेसात. हॉटेल मी निवडलेलं, प्युअर व्हेज, मेनूवर जैन ऑप्शनसुद्धा होते, म्हणजे माझ्या परीने मी सगळा विचार केलेला. तो वेळेवर आला, छान बोलत होता, मी मेनू त्याच्यासमोर सरकवला तर म्हणाला तू मागव, मी बसतो. मला वाटलं लाजतोय, म्हणून मी आपल्याकडे करतात तसा आग्रह केला, अरे थोडं तरी घे, सूप तरी, बरं निदान पाणी तरी. चौथ्यांदा विचारल्यावर त्याने हळूच सांगितलं की त्याचा चोविहार असतो, सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. डिसेंबरात ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे मी साडेसात म्हटलं तेव्हाच त्याचं जेवण गेलेलं होतं आणि तो तरी आला होता. वेटर त्याची कोरी प्लेट उचलायला दोनदा आला आणि दोन्ही वेळा तो राहू दे म्हणाला, मला एकटीला जेवताना वाईट वाटू नये म्हणून.

सगळे जैन चोविहार पाळतात असं अजिबात नाही, माझ्या ऑफिसातली एक जैन मैत्रीण रात्री अकराला मॅगी करून खाते. मुद्दा असा की त्याने सांगितलं नाही कारण त्याला वाटलं मला अवघडल्यासारखं होईल, आणि मी विचारलं नाही कारण मला वाटलं व्हेज बघितलं म्हणजे झालं. दोघंही चांगलं वागायला गेलो आणि संध्याकाळ अवघडच झाली.

मी नौपाड्यात वाढलेली, ऑफिस ऐरोलीला, आणि गेली पाच वर्षं ज्याच्यासोबत आहे तो मल्याळी, जन्म आणि शाळा नेरूळची. ऑफिसातली नवीन मुलंमुली मला येऊन विचारतात, ताई अमुकअमुक बंगाली आहे, तमुक लखनऊचा आहे, पहिल्यांदा भेटतोय तर काय करू. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

सगळ्यात आधी एक शब्द बदला

आपण मराठी माणसं 'आमच्यात' आणि 'तुमच्यात' हे शब्द दिवसभर वापरतो. आमच्यात हे चालत नाही, तुमच्यात हळदीला काय करतात, वगैरे. घरात ठीक आहे, पण डेटवर 'तुमच्यात' म्हटलं की समोरचा माणूस एकदम अख्ख्या समाजाचा प्रवक्ता होतो. तुमच्यात लवकर लग्न करतात ना? तुमच्यात मुलींना नोकरी करू देतात का? आता त्याने काय उत्तर द्यायचं, त्याने थोडीच सर्व्हे केलाय.

त्याच्या जागी 'तुझ्या घरी' म्हणून बघा. तुझ्या घरी ओणम कसा करतात? तुझ्या घरी रविवारी काय असतं जेवायला? प्रश्न तोच, पण आता तो त्याच्या आईबद्दल, आजीबद्दल, किचनबद्दल बोलायला लागतो, आणि तुम्हाला ऐकायचं असतं ते नेमकं हेच असतं. अजून एक पायरी पुढे म्हणजे नुसतं 'तू'. तुझ्या घरी उपास करतात हे कळलं, पण तू करतेस का? ह्या दोन्हीत पुष्कळदा फरक असतो, आणि तो माणूस खरा कसा आहे ते त्या फरकातून कळतं. खाली जे जे लिहिलंय त्या सगळ्याच्या मुळाशी हेच आहे. मी समाजांची नावं घेऊन माहिती देणार आहे, पण ती विचारायचं काय हे सुचावं म्हणून द्यायची आहे, तिच्यावरून उत्तर गृहीत धरू नका.

भेटायच्या आधी मेसेजवर

चार गोष्टी आधीच विचारून टाका: खाणं, वेळ, जागा आणि घरी माहिती आहे की नाही. ह्यातली एकही रोमँटिक नाही म्हणून लोक टाळतात, आणि मग नेमकं ह्याच चार गोष्टींवर भेट अडकते.

खाण्याचं विचारताना नुसतं 'व्हेज की नॉनव्हेज' पुरत नाही हे माझ्या अनुभवावरून कळलं असेलच. जैन घरातल्या माणसाला कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट चालत नसेल, आणि पर्युषणात तर बाहेरचं खाणं बंदच असेल. मुस्लिम माणसाला हलाल लागत असेल, हॉटेलबद्दल खात्री नसेल तर बरेच जण सरळ व्हेज किंवा मासे मागवतात. उलट अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेले, शीख हलाल मांस खात नाहीत, म्हणजे 'हलाल आहे ना' म्हणून तुम्ही ज्या हॉटेलची मोठ्या कौतुकाने शिफारस केली तिथे त्यांची अडचण. बंगाली ब्राह्मण मासे खातो हे ऐकून आपल्याकडे अजूनही लोकांच्या भुवया वर जातात, तशा तुमच्या जाऊ देऊ नका.

आणि आपल्या ठाण्यातलंच एक सांगते जे बऱ्याच ठाणेकरांना माहीत नसतं. टेंभी नाक्याजवळ ज्यूंचं सिनेगॉग आहे, शार हाशामाइम, १८७९ सालचं. बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत, मराठी त्यांची घरची भाषा. अशा घरातला माणूस भेटला तर त्याला कोळंबी-खेकडा चालत नसेल, मटण आणि दूध-दही एका ताटात चालत नसेल, आणि शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत शब्बाथ असेल. आपण सगळे डेट म्हटलं की शनिवार संध्याकाळच धरतो, आणि ती त्याच्यासाठी आठवड्यातली सगळ्यात अवघड वेळ असू शकते.

मेसेज लांबलचक नको. मी हल्ली मुलांना असा मेसेज सुचवते: "खाण्यात तुला काय चालत नाही किंवा कुठल्या वेळेनंतर खात नाहीस असं काही आहे का? मी सोमवारी नॉनव्हेज खात नाही, बाकी सगळं चालतं." दुसरं वाक्य विसरू नका. स्वतःचं आधी सांगितलं की समोरच्याला आपली चौकशी चाललीय असं वाटत नाही. तुमचा श्रावण असेल, मार्गशीर्षातले गुरुवार असतील, संकष्टी असेल तर तेही सांगा, त्याला ते कुठून माहीत असणार. आणि उपासाचे अर्थ घराघरात वेगळे असतात, आपण साबुदाण्याच्या खिचडीत साधं मीठ घालतो, उत्तरेकडच्या बऱ्याच घरांत व्रताला फक्त सेंधा मीठ चालतं.

वेळेचं म्हणाल तर कॅलेंडर बघा. रमजान दरवर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो म्हणून गेल्या वर्षीची तारीख लक्षात ठेवून उपयोग नाही. रोजा असताना दुपारी कॉफीला बोलावणं म्हणजे त्याने बसून तुमची कॉफी बघायची. काही जणांना रमजानात डेट वगैरे नकोच असतं, तेही ऐकून घ्या, ते तुम्हाला टाळणं नसतं. कॅथलिक घरात ॲश वेन्सडे ते ईस्टर ह्या काळात कुणी मटण-मासे सोडलेले असतात, कुणी दारू. दुर्गापूजेच्या दिवसांत बंगाली माणसाला भेटायचंच असेल तर त्यालाच विचारा कुठल्या मंडपात येऊ, तेवढ्यात तो खूश होईल.

आणि घरी माहिती आहे का, हा प्रश्न नाजूक आहे पण विचाराच, असा: "कुणी ओळखीचं भेटलं तर मी काय सांगू?" एवढंच. धर्म वेगळा असेल तर काही जणांसाठी, जास्त करून मुलींसाठी, हा प्रश्न लाजेचा नसतो, खऱ्याखुऱ्या भीतीचा असतो. कारण विचारत बसू नका. तो म्हणाला ऑफिसचा मित्र म्हणून सांग, तर तसंच सांगा.

जागा

ठाणे आणि नवी मुंबईत चांगलं हे की चालायला पाण्याचे काठ आहेत. माझं मत स्पष्ट आहे, पहिली भेट थोडं चालणं आणि मग थोडं बसणं अशी ठेवा. नुसतं समोरासमोर टेबलावर बसलं की वेगळ्या भाषेतली, वेगळ्या सवयीची दोन माणसं एकमेकांची मुलाखत घेतल्यासारखी बोलतात, आणि चालताना गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं सागर विहार, ठाण्यात उपवन, हे सगळं संध्याकाळी माणसांनी भरलेलं असतं, जॉगर्स, आजी-आजोबा, सायकलवाली पोरं. तलावपाळीला गर्दी जास्त, आणि ठाण्यातल्या माणसाला तिथे पंधरा मिनिटांत एक मावशी किंवा शाळेतले सर भेटतातच, तेव्हा वरचं उत्तर तयार ठेवा. येऊर किंवा पारसिक हिलला अंधार पडल्यावर पहिल्या भेटीत जाऊ नका, कुणीही कितीही भारी व्ह्यू म्हणो.

पाऊस असेल तर सीवूड्सचा मॉल बरा, स्टेशनवरच आहे, भिजायचं काम नाही.

बाहेरून आलेल्या माणसासाठी एक फार प्रॅक्टिकल गोष्ट: नवी मुंबईत सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरूळ अशा प्रत्येक भागात, पुन्हा येतात, वाशीचा सेक्टर १० वेगळा आणि नेरूळचा वेगळा. नुसतं 'सेक्टर १० ला ये' लिहिलं की नवीन माणूस भलतीकडे उतरतो. नोडचं नाव, स्टेशन, कुठल्या बाजूला उतरायचं आणि लोकेशन, चारही पाठवा. ठाण्याहून नेरूळ-वाशीला जायचं तर ट्रान्स हार्बरची गाडी ९ आणि १० नंबरवरून सुटते आणि तुर्भ्यानंतर वाशीची वेगळी आणि नेरूळ-पनवेलची वेगळी वाट होते, हे आपल्याला पाठ असतं, कोलकात्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला नसतं. तिला गाडीवर लिहिलेलं बघून चढ म्हणून सांगा.

तिखटाचं पण बघा. मामलेदारची मिसळ आपला अभिमान आहे, पण ज्याला आपल्या तिखटाची सवय नाही त्याला पहिल्या भेटीत तिथे नेलं तर तो घाम पुसेल की तुमच्याशी बोलेल. तिसऱ्या भेटीला न्या.

नाव आणि हाक

नाव नीट म्हणायला शिका, आणि चुकत असेल तर सरळ विचारा, एकदा बरोबर म्हणून दाखव ना. आपल्याला एक फायदा आहे, आपल्याकडे ळ आहे, त्यामुळे मल्याळम-तमिळ नावं आपल्या तोंडात हिंदीवाल्यांपेक्षा चांगली बसतात. बंगालीत एकाच माणसाला दोन नावं असतात, भालो नाम आणि डाक नाम, एक बाहेरचं, एक घरचं. घरचं नाव कळलं म्हणून लगेच त्या नावाने हाक मारायला घेऊ नका, ती सांगेल तेव्हा.

आडनाव विचारायची आपली सवय सोडून द्या, मी तर म्हणेन सगळ्यांसाठीच सोडा, पण डेटवर नक्की. एक तर आडनावावरून आपण काय शोधत असतो हे समोरच्याला बरोबर कळतं. दुसरं म्हणजे बऱ्याच तमिळ लोकांना आडनाव नसतंच, नावापुढचं अक्षर वडिलांच्या नावाचं असतं. जातीची नावं टाकून द्यायचा ठराव तिथे पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ साली चेंगलपट्टूच्या परिषदेत केला होता. अशा माणसाला 'पण आडनाव काय?' तीनदा विचारणं म्हणजे त्यांनी विचार करून सोडलेली गोष्ट परत त्याच्या हातात देणं. मेघालयातल्या खासी घरात मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात, तिथे 'वडिलांचं आडनाव का नाही लावत' हा प्रश्नच चुकतो.

आता तू आणि आप. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण इथे आपण न कळत दुखावतो. आपलं मुंबईचं हिंदी म्हणजे 'तू किधर है, तेरे को क्या मंगता', आणि आपल्याला त्यात आपुलकी वाटते. मराठीत तू म्हणजे जवळीक, देवाला पण आपण तूच म्हणतो. पण लखनऊ, अलाहाबादकडच्या घरात लहान मुलांशीसुद्धा आप करून बोलतात, आणि तिथे अनोळखी माणसाने पहिल्याच वाक्यात तू केलं तर ते भांडणाचं बोलणं वाटतं. माझी एक मैत्रीण अशाच एका मुलाला भेटली, तो तासभर शांतच, तिला वाटलं आवडले नाही मी. महिन्याने त्याने सांगितलं की त्याला सतत वाटत होतं ती चिडलीय. तर हिंदीत बोलायची वेळ आली की आपपासून सुरू करा, निदान तुम, आणि तूवर यायचं ते दोघांनी मिळून ठरवा. उलट्या बाजूने पण लक्षात ठेवा, तो दोन तासांनी पण आप-आप करतोय म्हणजे अंतर ठेवतोय असं नाही, त्याच्या घरात नवराबायको पण आप म्हणत असतील.

मद्रासी, भय्या, चिंकी, मल्लू, हे शब्द प्रेमाने, गमतीने, कसेही वापरू नका. हिंदीत भैया म्हणजे भाऊ हे खरं, पण आपल्या शहरात तो शब्द कसा फेकला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याला कुणी घाटी म्हटलं की पोटात कसं होतं ते आठवा, तसंच होतं त्यांना. आणि ईशान्येकडच्या माणसाला 'नाही पण मूळ कुठले?' परत परत विचारू नका, त्याने पहिल्यांदा डिब्रुगड सांगितलं ते उत्तर पूर्ण होतं.

ह्याच्याशी जोडून एक: 'अरे वा, तुला मराठी येतं!' हे आश्चर्य आवरा. वाशी स्टेशनजवळ केरळ हाऊस आहे, आसाम भवन आहे, नेरूळ-कोपरखैरणेत तीन पिढ्यांची तमिळ, मल्याळी, पंजाबी घरं आहेत, पोरं इथल्याच शाळेत मराठी शिकलीत. माझ्या ह्याला दहावीला मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. आणि ठाणे-वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिश्चन तर पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात, त्यांना मराठी कसं येतं विचारणं म्हणजे त्यांना त्यांच्याच गावात पाहुणा ठरवणं.

भेटल्यावर

हात मिळवायचा, मिठी मारायची की नुसतं हाय, हे समोरच्याला ठरवू द्या. काही मुस्लिम आणि काही ज्यू घरांत परक्या स्त्री-पुरुषाने हात मिळवत नाहीत, आणि गोव्याच्या किंवा वांद्र्याच्या कॅथलिक मुलीला गालाला गाल लावून भेटायची सवय असेल. दोन सेकंद थांबा, हसा, तो हात पुढे करतो का बघा. नाही केला तर मान झुकवून हाय पुरे.

वेळेवर पोचा. लोकल लेट होती हे खरं असलं तरी दहा मिनिटांआधी मेसेज टाका, भेटल्यावर सांगून काय फायदा.

टेबलावर

उष्टं हा आपला शब्द आहे आणि त्यामागची भावना खोल आहे, काही घरांत नवराबायकोसुद्धा एकमेकांच्या ताटातलं खात नाहीत. आणि बोहरी घरात सगळे एका मोठ्या थाळाभोवती बसून त्यातूनच जेवतात, चिमूटभर मिठाने सुरुवात करतात आणि गोड आधी येतं. एकाला जे प्रेम ते दुसऱ्याला किळस. म्हणून समोरच्याच्या प्लेटमध्ये आपला चमचा घालू नका, आणि त्याने तुमच्या प्लेटमधून उचललं तर दचकू नका, त्याच्यासाठी ती जवळीक असेल. नको असेल तर हसत सांगा, माझं उष्टं होईल, तुला दुसऱ्या वाटीत काढून देते, आणि तो शब्द समजावून सांगा. माझ्या ह्याला उष्टं हा शब्द मी असाच शिकवला होता, त्याने लगेच मल्याळमचा शब्द सांगितला आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघांच्या आज्यांचे किचनचे नियम एकमेकांना सांगत बसलो.

हाताने जेवायला लाजू नका आणि कुणी काट्याने खात असेल तर टोकू नका. डावा हात मात्र सांभाळा, द्यायला-घ्यायला, वाढायला, दक्षिणेकडच्या बऱ्याच घरांत आणि मुस्लिम घरांतही डाव्या हाताने पदार्थ पुढे करणं खटकतं. तुम्ही डावखुरे असाल तर एकदा सांगून टाका, विषय संपतो.

दारूचं असं की तुमच्यासाठी मागवायच्या आधी विचारा, समोर बसून मी घेतलं तर चालेल का. 'तू घेऊ नको, मी घेते' एवढं पुरेसं नाही, काही जणांना त्या टेबलावर बसणंच नको असतं. शीख मुलासमोर सिगारेट पेटवायच्या आधी तर नक्की विचारा. नाही म्हणाला तर लिंबूसरबत मागवा, एक संध्याकाळच आहे.

'नको नको' चा घोळ

हे मला जरा सविस्तर लिहायचंय. आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नको नसतं. पाहुणा दोनदा नको म्हणतो, आपण तिसऱ्यांदा वाढतो, तो बरं अर्धी म्हणतो, सगळे खूश. माझ्या ऑफिसात जर्मनीहून एक सहकारी आला होता, पहिल्या दिवशी त्याने विचारलं तुझ्यासाठी कॉफी आणू का, मी सवयीने नो नो इट्स ओके म्हटलं, तर तो गेला, स्वतःची घेऊन आला, आणि सहा महिन्यांत परत कधी विचारलं नाही. त्याला वाटलं ही कॉफी पीत नाही. तर समोरचा आग्रहाच्या संस्कृतीतला नसेल तर हवं असेल तेव्हा हो म्हणा, पहिल्याच वेळी. आणि तुम्ही एकदा विचारलं, तो नाही म्हणाला, की सोडा. त्या जैन मुलाला मी चार वेळा विचारलं, मला तो आग्रह वाटत होता, त्याला चार वेळा नकार द्यायला लागला.

पण हे सगळं खाण्यापिण्यापुरतं. हात धरायचा, जवळ बसायचं, घरी चल, गाडीत बस, रात्री अजून थांब, ह्याला नको म्हणजे नको, पहिल्यांदाच, कुठल्याही भाषेत, कुठल्याही संस्कृतीत. गप्प बसणं, विषय बदलणं, घड्याळ बघणं हेही नकोच आहे. बऱ्याच घरांत मुलींना तोंडावर नाही म्हणायला शिकवलेलंच नसतं, त्या 'बघू' म्हणतात, 'नेक्स्ट टाइम' म्हणतात. 'आमच्याकडे असं नॉर्मल आहे' म्हणून कुणी रेटत असेल तर उठा आणि निघा, संस्कृतीचा मान राखायचा म्हणून बसून राहायचं नाही. कुठे आहात ते एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेवलेलं असू दे, लाइव्ह लोकेशन चालू, आणि वेळ आलीच तर ११२.

बिल

टीटीएमएम, तुझं तू माझं मी, आपल्या पिढीला सोपं वाटतं. पंजाबी किंवा यूपीच्या मुलाला मुलीने अर्धे पैसे यूपीआय केले तर अपमान वाटू शकतो, आणि डच माणसाला नाही केले तर विचित्र वाटू शकतं. मला पटलेली पद्धत: ज्याने बोलावलं त्याने जेवणाचं द्यावं, दुसऱ्याने नंतरच्या कुल्फीचं किंवा चहाचं. वेटरसमोर पाकिटांची ओढाताण करू नका.

बोलायचं काय

रस्ता मोकळा आहे, फक्त काही वळणं पहिल्या भेटीत घेऊ नका. मुस्लिम माणसाला पाकिस्तान, काश्मिरी माणसाला काश्मीर, बिहारी माणसाला बिहारचं राजकारण, मल्याळी माणसाला बीफ, आणि कुणालाही रिझर्व्हेशन. हे विषय महत्त्वाचे नाहीत असं मी म्हणत नाहीये, पुढे जायचं असेल तर हे सगळं बोलावंच लागतं, पण त्याने स्वतः काढलं तर. नाहीतर आयुष्यभर ज्या प्रश्नांची उत्तरं देऊन तो थकलाय तेच तुम्ही कॉफीबरोबर परत मागवता.

विचारायचं तर हे विचारा: घरी तुला कुठल्या भाषेत रागावतात? स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात? सणाच्या दिवशी घरात पहिलं कोण उठतं? गावाहून येताना बॅगेत काय काय कोंबून देतात? ह्या शेवटच्या प्रश्नाला मी आजपर्यंत कुणाला गप्प बसलेलं बघितलं नाही. फणसाचे चिप्स, ठेकुआ, नोलेन गूळ, लोणच्याची बरणी आणि ती गळू नये म्हणून गुंडाळलेल्या तीन पिशव्या. मग तुम्ही पण सांगा, तुमच्या आजोळहून कोकम, कुळथाचं पीठ, काय असेल ते.

मध्येच आईचा फोन आला आणि तुम्ही मराठीत पाच मिनिटं बोललात तर ठेवल्यावर सांगा काय बोलणं झालं, नुसतं 'आई होती, गॅस सिलिंडर आला का विचारत होती' एवढं. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत कुणी हसलं की माणसाला वाटतं आपल्यावरच हसले.

फोटो काढायच्या आधी विचारा, स्टेटसला टाकायच्या आधी परत वेगळं विचारा. घरी माहीत नसलेल्या मुलीचा तलावपाळीवरचा एक सेल्फी कुठल्या ग्रुपवर जाईल ह्याचा नेम नाही, आणि त्याची किंमत तुम्ही नाही, ती मोजणार.

निघताना

आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. आमची पहिली भेट नेरूळला झाली, ज्वेलला दोन फेऱ्या मारून झाल्यावर तो मला स्टेशनवर सोडायला आला, ठाण्याची गाडी लागत होती आणि मी सवयीने म्हटलं, चल, येते. तो म्हणाला थांब, आम्ही पण हेच म्हणतो, पोयिट्टु वराम, म्हणजे जाऊन येतो. तमिळमध्ये पोयिट्टु वरेन, बंगालीत आशि, सगळीकडे जाताना येतोच म्हणतात. गाडी सुटली तेव्हा मी दारात उभी राहून ते दोन शब्द पुटपुटत होते, तुर्भ्यापर्यंत मला ते नीट जमले नव्हते. तुमच्या माणसाच्या भाषेत निघताना काय म्हणतात ते विचारून ठेवा, एक शब्द बास, ॲक्सेंट मारून दाखवायची गरज नाही.

घरी पोचल्यावर पोचले म्हणून मेसेज करा आणि त्यालाही विचारा. दुसऱ्या दिवशी उत्तर यायला वेळ लागला तर लगेच अर्थ काढू नका, काही जण तीन दिवस विचार करतात, काही देशांत अजून दोघातिघांना भेटत असणंही फसवणूक धरत नाहीत जोपर्यंत दोघांनी तसं ठरवलेलं नाही. तुम्हाला ते चालत नसेल तर दुसऱ्या भेटीत तसं सांगा. आवडलं असेल तर मेसेजमध्ये कालची एखादी नेमकी गोष्ट लिहा, "काल तू आजीच्या लोणच्याच्या तीन पिशव्या सांगितल्यास ते अजून आठवतंय. रविवारी परत भेटायचं का? सूर्यास्ताच्या आधी." हे शेवटचे दोन शब्द ज्याला लागू असतील त्यालाच.